थंड मुलखातली शार्डोने की उन्हातली? मराठवाड्यात बाटली निवडताना

शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, घ्यायची ठरली की दुकानात साधारण दोन तऱ्हा समोर येतात: थंड मुलखातली, म्हणजे फ्रान्सची शाब्ली, आणि उबदार मुलखातली, ओकच्या पिंपात मुरलेली, कॅलिफोर्नियाच्या नापासारखी. माझं मत आधीच सांगतो. आपल्या उन्हाळ्यात मी शाब्लीच घेईन, आणि त्यामागे चवीइतकंच शेतीचंही कारण आहे.

द्राक्ष दोन्हीकडे एकच, मूळ फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताचं. १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून त्याचे आईबाप कळले: एक पिनो, मानाचं वाण, दुसरं गुए ब्लां, साध्या शेतकऱ्यांचं, हलकं समजलं जाणारं. फरक पडतो तो पिकताना. जालन्याच्या कडवंचीतल्या बागायतदाराला हे लगेच पटेल. आपण ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी घेतो, मणी गोड होतात तेव्हा ऊन चढत असतं. शाब्लीत तोडणी बहुधा सप्टेंबरात, ऊन उतरताना. उष्णतेत मण्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं आंबट, झपाट्याने घटतं आणि साखर चढते; त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. गारव्यात आम्ल टिकतं. म्हणून शाब्लीत अल्कोहोल साधारण १२ ते १२.५ टक्के, तर नापाकडे १४ च्या आसपास.

शाब्लीचा पहिला घोट हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा लागतो. जिभेच्या कडांना पाणी सुटतं, मागे ओल्या दगडासारखा वास राहतो. तिथल्या किमरिजियन नावाच्या चुनखडीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या कालवांचे शिंपले सापडतात. मुळं काही त्या दगडाची चव मण्यात चढवत नाहीत, पण ते शिंपले आणि ही चव एकाच गावची आहेत, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. एप्रिलमध्ये कोवळे कोंब गोठू नयेत म्हणून तिथे रात्री बागेत शेगड्या पेटवतात, नाहीतर पाणी फवारून कोंबांवर बर्फाचं कवच चढवतात. गारपिटीने हातची बाग गेलेली पाहिलेल्या माणसाला ती जागरणं वेगळी सांगायला नकोत.

नापाकडची भरदार असते: पिकलेला अननस, पिंपातून आलेला व्हॅनिला, आणि मॅलिकचं लॅक्टिक (दह्यातलं, सौम्य) आम्ल होताना तयार होणारा लोण्याचा वास. शाब्लीतही हे रूपांतर बहुतेकदा होतं, पण ती जास्त करून स्टीलच्या टाकीत ठेवतात, त्यामुळे फळ आणि आम्लच पुढे राहतं. लोण्यासारखी, जाड चव आवडत असेल तर शाब्ली तुम्हाला रोडकी वाटेल. मग पैसे घालू नका.

जेवणाचं म्हणाल तर पैठणकडची तळलेली मरळ, वर लिंबू, सोबत शाब्ली: ही जोडी मी कुणालाही सांगेन. काजूच्या वाटणातल्या सौम्य कोंबडीला ओकवाली शोभते. नान खलिया किंवा येसर आमटी असेल तर दोन्ही राहू द्या, मसाला दोघींनाही गिळतो.

आयातीमुळे शाब्ली महाग पडते. बजेट कमी असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची शार्डोने घेऊन बघा, फक्त तिच्याकडून शाब्लीची धार मागू नका. शाब्ली ८ ते १० अंशांवर वाढा, ओकवाली १२ च्या आसपास. आणि एप्रिल-मेमध्ये काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली कितीही नामी असली तरी उचलू नका; आतल्या थंड खोलीतली मागून घ्या.