बिटॅक्स गामा : नवशिक्याच्या टेबलावरचे पहिले मायनिंग यंत्र

बिटकॉइनचे मायनिंग, म्हणजे आकडेमोडीतून नवे बिटकॉइन मिळवणे, नेमके कसे चालते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढ्याच हेतूने मी चार महिन्यांपूर्वी बिटॅक्स गामा घेतले. तळहातावर मावणारा सर्किट बोर्ड, वर एक लहान पंखा, अंगठ्याच्या पेराएवढा पडदा आणि हीटसिंकखाली दडलेली बीएम 1370 ही एकच चिप, एवढाच त्याचा संसार. हीच चिप बिटमेन कंपनीच्या अँटमायनर एस 21 प्रो या औद्योगिक यंत्रात मोठ्या संख्येने बसवलेली असते. बिटॅक्सचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्यामुळे अनेक लहान उत्पादक ते बनवतात, आणि त्यामुळेच जोडणीचा दर्जा विक्रेत्यागणिक बदलतो. माझ्या विक्रेत्याच्या जाहिरातीतल्या छायाचित्रात अडॅप्टर होता, खोक्यात मात्र नव्हता. विचारल्यावर ‘तो वेगळा घ्यावा लागतो’ असे उत्तर आले.

मग मी घरातल्या जुन्या वायरींच्या पिशवीतून 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर शोधून जोडला आणि एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली. यंत्र सुरू व्हायचे, दोन-तीन मिनिटे चालायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. मी दोष वायफायला देत राहिलो. वास्तविक यंत्राला सुमारे 17 वॉट लागतात आणि तो अडॅप्टर जेमतेम 10 वॉटचा होता, हा तिसरीच्या गणिताचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून 5 व्होल्ट, 6 अँपिअरचा अडॅप्टर आणला आणि तक्रार मिटली. राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर मात्र चुकूनही लावू नये. त्याची पिन बहुधा व्यवस्थित बसते आणि बोर्ड मात्र जळतो.

पुढची मांडणी सोपी आहे. यंत्र प्रथम स्वतःचे वायफाय सुरू करते. मोबाइल त्याला जोडला की उघडणाऱ्या पानावर घरच्या वायफायचा पासवर्ड, पूलचा (अनेक मायनर जिथे एकत्र काम करतात त्या सर्व्हरचा) पत्ता आणि आपला बिटकॉइनचा पत्ता भरायचा असतो. यंत्राला 2.4 गिगाहर्ट्‌झचेच वायफाय दिसते, हे लक्षात ठेवावे. बिटकॉइनचा पत्ता स्वतःच्या वॉलेटचा, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या अ‍ॅपचा असावा, आणि ते वॉलेट परत मिळवून देणारे 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइलमध्ये त्यांचे छायाचित्र काढून ठेवू नये.

यानंतर जे दिसते त्यासाठीच हे यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे. ब्लॉकच्या, म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या, 80 बाइटांच्या शीर्षकातला एक आकडा बदलत राहायचे, प्रत्येक वेळी त्यावर एसएचए-256 ही ठरलेली गणिती प्रक्रिया दोनदा चालवायची आणि निकाल ठरलेल्या मर्यादेखाली येतो का ते पाहायचे, एवढेच मायनिंगचे काम आहे. ही चिप ते सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा, म्हणजे एक टेराहॅश वेगाने करते. आतापर्यंत सापडलेला सर्वांत चांगला निकाल पडद्यावर काठिण्यपातळीच्या आकड्यात दिसत राहतो; निकाल जितका लहान, तितका हा आकडा मोठा. माझ्या यंत्राचा चार महिन्यांतला उच्चांक 3.1 जी, म्हणजे 310 कोटी आहे. ब्लॉक मिळण्यासाठी लागणारी काठिण्यपातळी 100 लाख कोटींच्या वर आहे. हे अंतर रोज चहा पिताना डोळ्यांसमोर असले की मायनिंगच्या कमाईच्या गप्पा फार काळ टिकत नाहीत.

कमाईचा हिशेबही येथेच मांडतो. साऱ्या जगाचा एकत्रित वेग एक झेटाहॅश, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश धरला, तर आपला वाटा शंभर कोटींत एक येतो. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक आणि एप्रिल 2024 पासून प्रत्येक ब्लॉकमागे 3.125 बिटकॉइन, या दराने एकट्याने ब्लॉक मिळवायला सरासरी 19 हजार वर्षे लागतील. मिळकत वाटून घेणाऱ्या पूलमध्ये गेलो तर दिवसाला सुमारे 45 सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी) पडतात. एक बिटकॉइन 90 लाख रुपयांना धरल्यास ते चार रुपये होतात. आणि 17 वॉटने दिवसाला 0.4 युनिट, युनिटला दहा रुपये धरून विजेचा खर्चही चारच रुपये होतो. अडॅप्टरसह यंत्रावर घातलेले 14 हजार रुपये यात कोठेच वसूल होत नाहीत. त्यात आपल्याकडे बिटकॉइन विकून होणाऱ्या उत्पन्नावर 2022 पासून सरसकट 30 टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रांवरचा खर्च खरेदी-किंमत म्हणून वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी लोकसभेत स्पष्ट केले होते.

तरीही मी हे यंत्र जुन्या मोठ्या यंत्रांपेक्षा बरे मानतो. स्वस्तात मिळणारे वापरलेले अँटमायनर एस 19 सुमारे 3250 वॉट घेते. म्हणजे दिवसाला 78 युनिट, आणि आवाज असा की फ्लॅटमध्ये शेजारी दुसऱ्याच दिवशी दार ठोठावतील. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे पाहता यातली बहुतेक युनिटे सर्वांत महागड्या टप्प्यात जातात. ग्राफिक्स कार्डावरच्या मायनिंगचा मुख्य आधार सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडली तेव्हाच गेला. राहिले ‘क्लाउड मायनिंग’, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रांवर पैसे लावून वाटा घेणे. दरमहा 10 टक्के परताव्याची हमी देणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेचा तपास पुणे पोलिसांनी 2018 मध्ये केला, हे आठवत असणाऱ्याला त्याबद्दल वेगळे सांगायला नको. टेबलावरचे यंत्र निदान काहीही न मिळवल्याचे प्रामाणिकपणे दाखवते.

एक उणीव उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये दुपारी चिपचे तापमान 68 अंशांवर गेले आणि पंखा असा घरघरू लागला की आईने ‘हे तुझं पाखरू जरा गप्प कर’ असे बजावले. मी सेटिंगमध्ये जाऊन फ्रिक्वेन्सी 525 वरून 490 मेगाहर्ट्‌झवर आणली. वेग थोडा उतरला, तापमान 61 वर आले, आणि आता ते यंत्र बैठकीच्या खोलीतून उचलून पोटमाळ्यावर ठेवण्याची मागणी मागे घेण्यात आली आहे.