मागचा पॅडॉक स्टँड : डिचोलीच्या अंगणात दोन पावसाळे

माझ्या मोटारसायकलला डबल स्टँड नाही, त्यामुळे मागचे चाक काढायचे झाले की दर वेळी ती गॅरेजवर न्यावी लागे. दोन वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका दुकानातून मी मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडीची मागची बाजू उचलून धरणारा वेगळा स्टँड, २,६०० रुपयांना घेतला. आता तो पुरेसा वापरून झाला आहे.

या स्टँडसोबत दोन प्रकारचे आधार मिळाले. रबर लावलेले एल आकाराचे आधार स्विंगआर्मखाली (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांखाली) नुसते टेकतात. चाक परत बसवताना ते खालून रेटावे लागते, आणि तशा वेळी गाडी त्या रबरावर बोटभर सरकली. ती पडली नाही, परंतु तेव्हापासून मी ते आधार वापरलेले नाहीत. स्विंगआर्मला बोल्टने स्पूल (रिळासारखे गोल तुकडे) बसवून ते व्ही आकाराच्या खाचेत धरणारे आधार मात्र भरवशाचे आहेत. स्पूलचे बोल्ट ६, ८ आणि १० मिलिमीटरचे येतात. आपल्या गाडीचे माप पाहूनच ते घ्यावेत, कारण चुकीचा बोल्ट जोराने पिळला तर स्विंगआर्ममधले आटे जातात.

उचलण्याआधी ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा, आणि पुढचे चाक घरंगळू नये म्हणून पुढच्या ब्रेकची लिव्हर पट्ट्याने आवळून बांधावी. गाडी सरळ धरायला मी शेजारच्या काकांना बोलावतो. ते पायलट आहेत (मोटारसायकलवरून भाड्याने माणसे नेतात), त्यांच्या गाडीला डबल स्टँड आहे, तरीही एकट्याने उचलू नकोस असे ते दर वेळी बजावतात, आणि ते योग्यच आहे.

अंगण शेणाने सारवलेले असल्यामुळे स्टँडची लहान नायलॉनची चाके जमिनीत रुततात. म्हणून स्टँड आणि पुढचे चाक या दोन्हींखाली मी सारख्या जाडीचे प्लायवूड घालतो. दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांवरचा रंग सुटून गंज धरला आणि रुंदी कमीजास्त करण्याचे बोल्ट अडकले. ग्रीस लावल्यावर ते फिरू लागले, तरी या किमतीत रंगकाम अधिक चांगले हवे होते.

पुढच्या चाकासाठी दुकानदार फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) तळाला उचलणारा स्टँड सुचवत होते. आधी मागची बाजू स्टँडवर घेऊन मग तो लावल्यास पुढचे चाक सुरक्षितपणे काढता येते. परंतु त्या स्टँडवर सगळा भार फोर्कच पेलतात, त्यामुळे फोर्क काढता येत नाहीत. चतुर्थीपासून माझ्या डाव्या फोर्कमधून तेल पाझरत आहे. म्हणून हँडल ज्या उभ्या दांड्यावर वळते त्याच्या भोकात खालून पिन घालून गाडी उचलणारा स्टँड मी मागवला आहे, आणि तो येईपर्यंत पुढच्या बाजूला हात लावणार नाही.