दाराचं भिंग की व्हिडिओ डोअरबेल?

अनोळखी माणूस दार न उघडता दिसावा, एवढंच हवं असेल तर भिंग पुरतं. दाराला साधारण 14 मिमीचं भोक पाडायचं, भिंग बसवलेल्या नळीचे दोन भाग आतून-बाहेरून घालून आवळायचे. स्वस्त, वीज लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण बाहेर दिवा नसेल तर रात्री काही दिसत नाही. कोणी बाहेरून बोटाने झाकलं, तर दार उघडूच नका.

व्हिडिओ डोअरबेल, म्हणजे बाहेरच्या माणसाचं चित्र मोबाइलवर दाखवणारी कॅमेऱ्याची घंटा, महाग. बॅटरीवरची असेल तर चार्ज करत राहावी लागते, आणि दारापाशी वाय-फाय क्षीण असलं की चित्र उशिरा येतं. मात्र दाराजवळ न जाता, अगदी घराबाहेरूनही मोबाइलवरून बोलता येतं.

एकटं राहणाऱ्यांनी, चालायला त्रास असणाऱ्यांनी डोअरबेल घ्यावी. बाकीच्यांना भिंग आणि बाहेरचा दिवा. भिंगाची उंची घरातल्या सर्वांत बुटक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांइतकी.