सहकारी संस्था काढायची की शेतकरी कंपनी?

गटात वीसेक शेतकरी जमलेत, सोयाबीन एकत्र विकायचंय, रजिस्ट्रेशन कुठलं करायचं यावर अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. दोन्हीकडं १० जण पुरतात (सहकारी संस्थेत ते वेगवेगळ्या कुटुंबातले लागतात) आणि शेअर कितीही घ्या, माणशी मत एकच.

सहकारी संस्थेला राज्याचा १९६० चा कायदा लागतो. ऑफिस तालुक्याला, सहाय्यक निबंधकाकडं (सहकार खात्याचा अधिकारी), आणि जिल्हा बँकेतल्या साहेबाला संस्था म्हणजे काय ते समजावत बसावं लागत नाही. पण ऑफिस जवळ म्हणजे सरकारचा हातपण जवळ. निवडणूक राज्याचं प्राधिकरण घेतं, कोविडात त्या कशा पुढं पुढं ढकलल्या ते बघितलंच सगळ्यांनी, आणि भांडणं विकोपाला गेली की प्रशासक बसतो. लाभांशही १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही.

कंपनीचा रस्ता कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनं उघडला, त्यात सहकार निबंधकाची कटकट नाही, पण ५ संचालक लागतात, पूर्णवेळ सीईओ ठेवायचा असं कायदाच म्हणतो, आणि दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र ऑनलाइन भरायचं. खरी गोम इथंय. उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, दोन फॉर्मचे २००, म्हणजे वर्षभर झोपा काढल्या तर ७३ हजार गेले, आणि सलग तीन वर्षं भरलंच नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. गावातल्या भल्या माणसाला सही करायला बसवताना हे कोणी सांगतं का? नाही सांगत.

'अनुदान कंपनीलाच मिळतं' हे ऐकून निर्णय घेऊ नका. २०२० च्या केंद्राच्या १० हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत सहकारी संस्थाही बसत होत्या, तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत होती, पण सपाट भागात किमान ३०० सभासद लागायचे आणि १० हजारांचं टार्गेट फेब्रुवारी २०२५ मध्येच पूर्ण झाल्याचं जाहीर झालंय. तीन वर्षांनी मदत थांबते, सीएची फी थांबत नाही.

बाहेरचा पैसा आणायचा असेल तर मात्र कंपनी बरी, तरी सरळ नाही, कारण शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत. नाशिकजवळच्या सह्याद्री फार्म्सनं २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी आणले ते उपकंपनीत आणले, मूळ शेतकरी कंपनीत नाही.

माझं मत विचाराल तर खत-बियाणं, गोदाम आणि गावापुरती खरेदी-विक्री एवढंच असेल तर सहकारी संस्था घ्या, किंवा आधी गावातली विकास सोसायटीच हे करेल का ते विचारा, २०२३ च्या आदर्श उपविधीत (केंद्राच्या नमुना नियमावलीत) तिला २५ पेक्षा जास्त धंदे खुले केलेत. प्रक्रिया, एक्स्पोर्ट डोक्यात असेल आणि सीईओचा पगार नफ्यातून निघेल असा हिशेब जुळत असेल तरच कंपनी. हिशेब जुळत नसेल तर घाई नको, एक हंगाम 'आत्मा'चा (कृषी खात्याच्या योजनेतला) शेतकरी गट म्हणूनच माल एकत्र विकून बघा, व्यापाऱ्यानं दोन रुपये जास्त दिले की कोण गटात राहतं नि कोण पळतं ते कळेल.