नदीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर: घ्या, पण फोर-जी घ्या आणि सेटिंग समोर करून घ्या

पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात मोटर कृष्णेवर आणि ऊस दोन-दोन किलोमीटर आत, ही नेहमीचीच मांडणी. शेतीची थ्री-फेज लाईट आठ तास, आणि पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन अंधारात नदीवर जायचं, मोटर चालू करून माघारी यायचं, मध्येच फेज गेली की परत जायचं. मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारी सिम घातलेली पेटी, ही फेरी वाचवतो. तरी त्याचं खरं काम वेगळंच आहे. मोटरीच्या वायरीवर बसणारी सीटीची रिंग अँपिअर सतत बघत असते, आणि मोटर जळण्याआधी बंद होते ती तिच्यामुळे.

आधी सिमचा प्रश्न. दुकानांत अजून टू-जीच्या पेट्या मिळतात, थोड्या स्वस्तही असतात. त्या घेऊ नका. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, म्हणजे ते सिम त्यात चालणार नाही. जपानमध्ये २०१२ ला आणि सिंगापूरमध्ये २०१७ ला टू-जी बंद झालं, आणि त्यावर चालणारी यंत्रं मुकी झाली. आपल्याकडे एअरटेल, व्हीआयचं टू-जी अजून आहे, पण दहा वर्षं टिकावी अशी वस्तू त्या भरवशावर का घ्यायची? फोर-जी पेटी घ्या. त्याआधी मोटरीच्या जागेवर उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते फोनवर बघा. नदीचा काठ खोलगट असतो, वर बांधावर येणारी रेंज खाली येईलच असं नाही. अँटेना लोखंडी पेटीच्या आत ठेवू नका, वायर बाहेर काढून पाईपला उंच बांधा.

पेटी बसवली आणि फोनवरून मोटर उठली की वायरमन निघायची घाई करतो. तिथं त्याला थांबवा, कारण सेटिंग राहिलेलं असतं. दहा एचपीची मोटर पूर्ण दाबाला साधारण १४ अँपिअर घेते, पण पाईपलाईन रिकामी असेल तर सुरुवातीला जास्त ओढते. चार इंची दोन किलोमीटर पाईपमध्ये १६ हजार लिटर पाणी मावतं. सेकंदाला १० लिटर पाणी येत असेल तर भरायलाच जवळजवळ अर्धा तास. तोवर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह निम्मा उघडा ठेवा. शेतात पाणी पूर्ण पडल्यावर अँपिअर वाचा. ते १४ असेल तर ड्राय-रनचं सेटिंग (पाणी नसताना मोटर बंद करणारं) १०.५ च्या आसपास, म्हणजे पाऊण हिश्श्यावर. ओव्हरलोडचं सेटिंग (जादा करंटला मोटर बंद करणारं) मोटरीच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के वर, त्याहून जास्त नको. व्होल्टेज ३५० वर उतरलं की तीच मोटर १६ च्या पुढे जाते आणि पेटी ट्रिप मारते. अशा वेळी लोक चिडून सेटिंग वाढवतात, आणि पुढच्या महिन्यात मोटर रिवायंडिंगला जाते. कॅपॅसिटर नंतर लावला तर सीटीला दिसणारं अँपिअर बदलू शकतं. दोन्ही सेटिंग पुन्हा नव्यानं करा.

फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाईपच्या तळाचा, पाणी धरून ठेवणारा) गळका असेल तर मोबाईल स्टार्टर घेण्याआधी तो बदला. प्रायमिंग उतरलेली, म्हणजे पंपातलं पाणी निघून गेलेली मोटर फोनवरून सुरू केली तर कोरडी फिरते आणि सील जातं. ड्राय-रन ट्रिपनंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बोअरला ठीक आहे. नदीवरच्या मोनोब्लॉकला (मोटर-पंप एकत्र असलेल्याला) ती बंद ठेवा.

ऑटो मोडबद्दल, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करण्याच्या सोयीबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं. लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या (एका ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर प्रत्येक मोटर सुरुवातीला पाच-सहा पट करंट ओढते, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि सगळ्यांचं पाणी थांबतं. महावितरण ऑटो-स्विच काढा म्हणतं ते याच कारणानं. ऑटो ठेवायचाच असेल तर एका डीपीवरच्यांनी एकत्र बसून वेळ वाटून घ्या: एकाचा डिले दोन मिनिटं, पुढच्याचा चार, त्यापुढच्याचा सहा.

तासगाव भागातल्या ड्रिपवाल्या द्राक्षबागेत आणखी एक जोखीम आहे. फोन मोटर चालू करतो, व्हॉल्व्ह उघडत नाही. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना बटण दाबलं तर पाईप फुटू शकतो.

आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: मोटरीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा. फोनवर ‘बंद’ दिसतंय एवढ्यावर विसंबू नका, घरी बसलेला दुसरा कोणी चालू करू शकतो. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि दोन-तीनच नंबर नोंदवा.

सिमचं रिचार्ज संपणं ही सगळ्यात जास्त वेळा येणारी अडचण. शक्यतो वर्षभराचा प्लॅन मारा. मुंग्या आणि पाली काँटॅक्टरमध्ये शिरतात, म्हणून वायरींची भोकं ग्लँडनं (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचानं) बंद करा. दर विचारताना सीटी, अँटेना, बॅटरी आणि बसवणं धरून आहे का ते विचारा, नाहीतर स्वस्त पेटी शेवटी महाग पडते.

पेटी भिंतीला कायमची जखडू नका. दोन नट आणि कनेक्टर सोडले की हातात यावी अशी बसवा. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी लागते, पण काठावरच्या मोटरी त्याच्या कितीतरी आधी पाण्यात जातात. मोटर वर ओढाल तेव्हाच पेटीही घरी आणा, आणि परत बसवल्यावर अँपिअर पुन्हा एकदा वाचा.