थंडीत ऑइलमध्ये पाणी: चार महिन्यांच्या वापरानंतर

थंडी पडून तीन आठवडे झाले नव्हते, तोच गाडीच्या इंजिनात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट पांढरा, चिकट थर. हेड गॅस्केट (इंजिनातलं ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी) गेलं, याशिवाय दुसरं काही सुचेना. त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी थंड इंजिनवर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) पाहिलं, खुणेवर होतं. पुढचे आठ दिवस रोज पाहिलं, जरासुद्धा उतरलं नाही. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल नितळ होतं आणि इंजिन गरम झाल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता. कूलंट कमी होत असतं किंवा डिपस्टिकवरही दुधाळपणा दिसला असता, तर मी गाडी तिथेच उभी केली असती.

मग पाणी आलं कुठून? पेट्रोलमधूनच. १ लिटर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण १ लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टन रिंगांजवळून निसटून खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरते. ऑइल चांगलं तापलेलं असेल तर ती तिथे टिकत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी झडप) तिला परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे, जाऊ देतो. थंड इंजिनात मात्र ती गार पृष्ठभागावर जमते. झाकण सगळ्यात वर, बाहेरच्या हवेला लागून, म्हणून आधी तिथेच पाणी आणि ऑइल घुसळून थर बसतो.

माझी रोजची फेरी जाताना ४ किलोमीटर, येताना ४. पोहोचेपर्यंत काटा मधोमध येतो, म्हणून इंजिन गरम झालं असं मी धरून चाललो होतो. पण तो काटा कूलंटचा! ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून पाहिलं तेव्हा कूलंट ८५ अंशांवर आणि ऑइल जेमतेम ५० वर होतं. या प्रकरणात मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती हीच.

पहिला उपाय केला तो चुकीचा. रोज सकाळी गाडी १५ मिनिटं जागेवर चालू ठेवायचो. थर वाढला. रिकामं फिरणारं इंजिन फारशी उष्णता देत नाही, शिवाय थंडीत पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला तेव्हा ते बंद केलं.

नंतर मॅन्युअलमध्ये चालणारं म्हणून दिलेलं फुल सिंथेटिक ०डब्ल्यू-२० भरलं. पहाटे स्टार्ट करताना फरक लगेच जाणवतो, त्याबद्दल ऑइलला पूर्ण गुण. थर मात्र दहा दिवसांत परत आला. '०डब्ल्यू' हा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं हे सांगतो, पाणी अडवण्याशी त्याचा संबंध नाही.

गुण आला तो लांब फेरीने. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग ४५ मिनिटं, ऑइल ९० अंशांच्या वर जाईल अशी. आधी झाकण पुसून घ्यायचो, नाहीतर जुना थर कुठला आणि नवा कुठला कळत नाही. दुसऱ्या फेरीनंतर कडेला फक्त बारीक रेघ उरली. लांब फेरी मारून आल्यावर डिपस्टिकवरची पातळी २-३ मिलिमीटर खाली आलेली पाहून पुन्हा छातीत धस्स झालं होतं. ऑइल जळलं नव्हतं. त्यात मिसळलेलं पेट्रोल आणि पाणी उडून गेलं होतं. म्हणजे आधीची 'बरोबर' दिसणारी पातळी फसवी होती. तेव्हापासून लांब फेरीनंतर गाडी सपाट जागेवर थोडी थांबवूनच पातळी पाहतो.

छोट्या फेऱ्यांचा वापर मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' या सदरात येतो, म्हणून ऑइल निम्म्या अंतरावर बदललं.

चौथ्या महिन्यात ब्रीदरची नळी (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारी) काढली, तर आत तोच चिकट गाळ सापडला. कडाक्याच्या थंडीत तिच्यात ओल गोठून नळी बंद झाली, तर क्रँककेसमधला दाब सील फोडून ऑइल बाहेर काढू शकतो. झाकण स्वच्छ दिसू लागल्यामुळे मी नळीकडे बघितलंच नव्हतं. साफ करून बसवली आहे. पुढच्या थंडीत झाकणाबरोबर तीही दर महिन्याला उघडणार.