ओटीपी बरोबर आला आणि ४६,९५० रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो: ४६,९५० रुपये. नवं खातं उघडलं की वॉलेटमध्ये दीडशे, अशी आमच्या ऑनलाइन दुकानाची योजना. तीन रात्रींत ३१३ खोटी खाती, आणि सगळा बोनस गिफ्ट कार्डांत वळवून पसार. माल मागवायचाच नाही, म्हणजे घरचा पत्ता द्यायचीही कटकट नाही.

‘ईमेल तपासत नव्हतात का?’ तपासत होतो हो! रेजेक्स, म्हणजे पत्त्याचा साचा तपासणारा नियम होता, ओटीपी होता, मेलिनेटर-योपमेल असे तात्पुरते इनबॉक्स देणारे अडवणारी यादीही होती. पण रेजेक्स पत्त्याची फक्त ठेवण बघतो. आणि तात्पुरत्या इनबॉक्सात ओटीपी व्यवस्थित पोचतो. त्यासाठीच तर तो उघडलेला असतो. यादी दीड वर्ष जुनी, हे मान्य.

खरी चीड याची, की दिसत होतं. १२८ खाती जीमेलची, आठ अक्षरांचं एकच नाव, टिंबं तेवढी इकडेतिकडे. जीमेल टिंबं धरतच नाही. आठ अक्षरांत टिंबाच्या जागा सात, म्हणजे १२८ रूपं. पठ्ठ्याने एकही सोडलं नाही. दुसऱ्या सकाळी ती रांग अ‍ॅडमिन पॅनेलवर समोर होती आणि आम्ही ‘जाहिरात चालली’ म्हणून खूश! उरलेली १८५ खाती अकरा अनोळखी डोमेनांची, पण अकरांचेही एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरने घ्यायची ही नोंद) एकाच मेल सर्व्हरकडे. डोमेन बदलणं स्वस्त असतं, सर्व्हर सहसा तोच राहतो. यादीत तो घाला. गूगलसारखा सगळ्यांचा सर्व्हर नाही ना, एवढं मात्र पाहून.

पोलिसांत गेलो तर ‘बोनस तुम्हीच दिलात ना, मग चोरी कसली?’ फॉर्ममध्ये बँकेचा व्यवहार क्रमांक हवा. वॉलेटच्या बोनसला तो कुठून आणायचा? दुसऱ्या टेबलावर धाडलं, तिथले साहेब बंदोबस्ताला. गिफ्ट कार्डवाल्यांकडून चार दिवस नुसतं ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’, तोवर कार्डं वापरून संपली. शेवटी पोलीस म्हणाले, आरोपीचा ईमेल लिहा. ३१३ पैकी कुठला?

जीमेल आणि गूगलमेलचे पत्ते जुळवताना टिंबं आणि अधिकच्या चिन्हापासून @ पर्यंतचं (तेही जीमेल धरत नाही) काढून तुलना करा; मेल मात्र ग्राहकाने लिहिलेल्याच पत्त्यावर पाठवा. इतर डोमेनांना हे लावू नका, तिथे टिंबाने माणूस बदलू शकतो. रागाच्या भरात फुकटची डोमेनंही बंद करू नका, जीमेल-रेडिफमेलवाले गेले तर दुकानात उरेल कोण? सर्व्हरला ‘हा पत्ता आहे का’ विचारून २५०, म्हणजे ‘हो’, आलं तरी हुरळू नका. काही सर्व्हर कुठल्याही नावाला हो म्हणतात. आणि बोनस पैसे भरलेल्या पहिल्या ऑर्डरनंतरच. गिफ्ट कार्डांवर तर अजिबात नको.